भ्रमाचा मुखत्यार : एका जपानी चित्रमालिकेतील प्रतीके व नामे

सातोशी कोन (१९६३–२०१०) ह्या दिग्दर्शकाची ‘मोसो दाइरिनिन’ ही १३ भागांची ॲनिमेशन-मालिका २००४ साली जपानी दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविण्यात आली. इंग्रजीत तिला ‘पॅरानोइया एजंट’ असे नाव मिळाले, आणि हे नाव प्रेक्षकास थेट मानसरोगांच्या परिभाषेकडे नेते. मूळ नामाचा रोख निराळा आहे. ‘मोसो’ म्हणजे भ्रम, निराधार कल्पना. लंकावतारसूत्राच्या चिनी भाषांतरात ‘विकल्प’ ह्या संस्कृत संज्ञेसाठी हाच शब्द योजलेला आढळतो. ‘दाइरिनिन’ ही मात्र कायद्याची संज्ञा होय. दुसऱ्याच्या वतीने कृती करणारा, म्हणजे आपल्याकडील मुखत्यार. तेव्हा प्रश्न उरतो तो असा, की हे मुखत्यारपत्र लिहून दिले कोणी?

त्सुकिको सागी ही मारोमी नावाच्या गुलाबी कुत्र्याच्या बाहुलीची लोकप्रिय आरेखिका. दुसरे तसेच यश मिळविण्याचा तगादा तिच्यामागे लागलेला असताना सोनेरी चाकांचे बूट घातलेला एक मुलगा वाकड्या सोनेरी बॅटने तिच्यावर हल्ला करतो. पुढे हल्ल्यांची मालिकाच सुरू होते. आणि बळी पडणारा प्रत्येक जण आधीच कोंडीत सापडलेला असतो. आघात होताच त्याची कोंडीतून सुटका होते.

वृत्तपत्रे ह्या हल्लेखोरास ‘शोनेन बॅट’ म्हणतात. ‘शोनेन’ म्हणजे मुलगा. १९४८ च्या जपानी बाल-अपराधी कायद्याने अल्पवयीन आरोपीचे नाव छापण्यास मनाई केली. त्यामुळे १९९७ च्या कोबे येथील खून-प्रकरणातील १४ वर्षांचा आरोपी ‘शोनेन ए’ म्हणूनच सर्वतोमुखी झाला. चेहरा नसलेले हे नाव कोणाच्याही भीतीला चपखल बसते. ‘शोनेन बॅट’ ह्या नामाचे बळ तेथूनच आले असावे.

पात्रांची नावेही अशीच बोलकी आहेत. मानिवा, चोनो, हिरुकावा ह्यांत अनुक्रमे घोडा, फुलपाखरू व जळू दडलेले आहेत. पकडला गेलेला व पुढे तोतया ठरणारा शाळकरी मुलगा कोझुका. त्याच्या आडनावात कोल्हा आहे, आणि कोल्हा हा जपानी लोककथांतील प्रख्यात मायावी. ‘सागी’ म्हणजे बगळा. परंतु ह्याच उच्चाराचा दुसरा शब्द ‘फसवणूक’ असा आहे. कानाने ऐकणाऱ्यास रहस्य पहिल्याच भागात कळू शकते!

बॅट हे पुरुषलिंगाचे प्रतीक मानण्याचा मोह फ्रॉइडच्या वाचकास होणारच. तो अर्थ अगदीच टाकाऊ नव्हे, पण उथळ आहे. कारण त्यात मारोमीस जागा नाही. बालपणी पोटात एकाएकी कळ आल्याने सागीच्या हातून पिलाची दोरी सुटली व ते मोटारीखाली गेले. ही चूक वडिलांपासून लपविण्यासाठी तिने हल्लेखोर कल्पिला. मृत पिलू बाहुली झाले, असत्य बॅटधारी झाले. एक गोंजारून दिलासा देतो, दुसरा प्रहार करून. दोघेही दोषाचा भार धन्याच्या शिरावरून उतरवितात.

ह्या मुखत्यारास परतविणारी पहिली व्यक्ती म्हणजे अन्वेषक इकारी ह्याची दुर्धर आजाराने खंगलेली पत्नी मिसाए. तिच्यापाशी शस्त्र नाही. आपले दुःख आपलेच आहे, असे ती त्याला तोंडावर सांगते, आणि तो माघार घेतो. तिचा पती मात्र त्याच सुमारास जुन्या काळाच्या एका काल्पनिक वस्तीत आश्रय शोधतो. अखेरच्या भागात सागी बालपणीच्या त्या रस्त्यावर परत जाते, पिलाला कवटाळून त्याची क्षमा मागते, आणि तोक्यो गिळू पाहणारा काळा लोंढा ओसरतो. दोन वर्षांनंतरच्या तोक्योत गर्दी पूर्ववत् आहे. दुकानात मारोमीच्या जागी नवी बाहुली आली आहे.