फिरत्या तबकडीची गोष्ट



मुहर्रकला शेख इसा बिन अली यांचे जुने घर आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. वरचा वारा खाली खोलीत ओढून घेणारा त्याचा मनोरा पाहिला की कळते, बांधणाऱ्याने आधी उकाड्याचा विचार केला होता. लॅपटॉपच्या हार्ड डिस्कचा इतिहासही असाच आहे. वेग हवा, पण उष्णता नको!

१९५६ साली आयबीएमने 'रॅमॅक' हा संगणक आणला. त्याच्या डिस्कमध्ये २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटाला १२०० फेरे घेत. एवढ्या मोठ्या कपाटात मावत काय, तर ५० लाख अक्षरे! आजच्या मोबाइलच्या एक-दोन फोटोंतच ते भरून जाईल.

हवी ती माहिती वाचणाऱ्या हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते. १२०० फेऱ्यांना ही वाट २५ मिलिसेकंदांची, ४२०० ला ७.१, ५४०० ला ५.६ आणि ७२०० ला ४.२. मग वेग वाढवतच का नेला नाही? कारण तबकडी हवेशी झगडत फिरते. वेग दुप्पट केला तर या झगड्यात जाणारी शक्ती सात-आठ पट होते आणि तिची उष्णता बनते. यावर एक उपाय म्हणजे तबकडी लहान करणे. २००० साली सीगेटने १५,००० फेऱ्यांची डिस्क आणली, तेव्हा पेटी साडेतीन इंची असली तरी आतल्या तबकड्या बऱ्याच लहान होत्या.

लॅपटॉपला उपयोगी पडणारी अडीच इंची डिस्क १९८८ मध्ये 'प्रेअरीटेक' कंपनीने काढली, २० एमबीची. पुढे बॅटरी आणि उष्णता सांभाळत ४२०० फेऱ्यांवरच बराच काळ गेला. लॅपटॉपसाठी पहिली ७२०० ची डिस्क हिताचीने २००३ मध्ये आणली.

मी तेव्हा अमेरिकेत एम.एस. करत होतो. शिष्यवृत्तीतून पैसे वाचवून ७२०० वालाच लॅपटॉप घेतला आणि मित्रांना ऐट दाखवली! खरे तर ५४०० शी तुलना केली तर फायदा दीड मिलिसेकंदाचा आणि जास्तीची उष्णता फार तर अर्ध्या-एका वॉटची. त्याच पेटीतला प्रोसेसर तीस वॉट ओकत असे. शिवाय २००६ मध्ये सीगेटने चुंबकीय कण उभे मांडून १६० जीबीची ५४०० फेऱ्यांची डिस्क विकायला आणली. माहिती दाट बसली की एका फेऱ्यात जास्त वाचून होते. त्यामुळे नवी 'मंद' डिस्क मोठ्या फाइली वाचताना जुन्या 'जलद' डिस्कला गाठू लागली.

पुढे नोकरीसाठी बहरीनला आलो. २००८ च्या ऑगस्टमधली गोष्ट. घाईत लॅपटॉप बंद न करताच बॅगेत कोंबला आणि बॅग गाडीत ठेवली. दोन तासांनी उघडला, तर नुसता टक् टक् आवाज! डिस्क गेली, आणि तिच्याबरोबर आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे चित्रीकरण गेले. टेपवरून ते उतरवून घेतल्यावर ती टेप मी पुन्हा वापरली होती. दुसरी प्रत कुठेच नव्हती. आजी त्याआधीच्याच वर्षी गेली होती.

उष्णतेने गेली की धक्क्याने, कोण जाणे. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास छापला. तापमान आणि बिघाड यांचा संबंध समजला जातो तितका सरळ नाही, असे त्यात आढळले. मात्र फार जास्त तापमानात बिघाड वाढलेले दिसले. थंड डिस्कही जातेच, हे मात्र मी तेव्हा लक्षात घेतले नव्हते.

त्याच २००८ मध्ये ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये दोन पर्याय मिळत: ४२०० फेऱ्यांची ८० जीबीची डिस्क, किंवा काहीच न फिरणारी ६४ जीबीची एसएसडी. आज लॅपटॉपमध्ये एसएसडीच जिंकली आहे. 'किती आरपीएम?' असे आता माझा मुलगा विचारत नाही.

पण न फिरणारी वस्तूही बिघडते. तेव्हा मंडळी, यंदाच्या गणेशोत्सवाचे फोटो निदान दोन ठिकाणी ठेवा, आणि एक प्रत पुण्या-मुंबईला घरी पाठवा. आम्ही आता तसेच करतो. आजीचा आवाज मात्र माझ्याकडे नाही.