खापरांतील स्निग्धांश : एका मुक्या साक्षीची तपासणी

कागद, ताम्रपट, शिलालेख व नाणीं या साधनांशीं आमच्या वाचकांचा परिचय जुना आहे. गेल्या कांहीं दशकांत त्यांच्या पंक्तीस एक मुकें साधन येऊन बसलें आहे. तें म्हणजे फुटक्या मडक्याच्या अंगांत मुरलेला स्निग्धांश. झिलई नसलेल्या भांड्यांत अन्न शिजलें कीं तूप, तेल, चरबी हीं त्याच्या सूक्ष्म छिद्रांत शिरतात व तेथें हजारों वर्षें राहूं शकतात. खापराचा लहानसा तुकडा कुटून, द्रावकाच्या योगें हा अंश वेगळा काढतां येतो. त्यांतील पामिटिक व स्टिअरिक या दोन मेदाम्लांत कार्बन-१३ चें प्रमाण किती हें ताडून पाहिलें असतां, रवंथ करणाऱ्या जनावरांची चरबी व त्यांचें दूध यांतील भेद कळतो. स्टेफनी डड व रिचर्ड एव्हरशेड यांनीं हा भेद इ. स. १९९८ मध्यें प्रसिद्ध केला.

आपल्या देशांत या रीतीचा बोलबाला झाला तो डिसेंबर २०२० मध्यें. अक्ष्येता सूर्यनारायण व त्यांचे सहकारी यांनीं हरियाणा व पश्चिम उत्तर प्रदेश येथील सात सिंधुकालीन स्थळांचीं १७२ खापरें तपासून निबंध लिहिला. राखीगढी व आलमगीरपूर हीं त्यांतलींच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनीं खणलेलें फरमानाही त्यांत आहे. पुष्कळ खापरांतील अंश डुकरासारख्या रवंथ न करणाऱ्या प्राण्यांच्या चरबीशीं जुळला, कांहींचा गुरें-म्हशी व शेळ्यामेंढ्या यांच्या चरबीशीं जुळला, आणि दुधाची खूण फार थोडी मिळाली. वर्तमानपत्रांनीं लागलीच मथळे दिले कीं, सिंधुलोकांचा आहार मांसप्रधान होता. त्यावरून जो वाद माजला तो चार हजार वर्षांपूर्वींच्या लोकांविषयीं कमी व आजच्या पंक्तिभेदाविषयीं अधिक होता.

निबंधांत मात्र एक अडचण उघड मांडली होती. याच स्थळांवरील जनावरांच्या हाडांत डुकराचीं हाडें अवघीं शेंकडा दोन-तीन. गुरें व म्हशी यांचीं निम्म्याहून अधिक. मग डुकराची चरबी इतक्या भांड्यांत आली कोठून? वनस्पतींचा व जनावरांचा स्निग्धांश एकाच भांड्यांत मिसळला तरी तशीच खूण उमटूं शकते, असें लेखकांनीं स्वतःच नमूद केलें आहे. मथळ्यांत हें वाक्य मावलें नाहीं.

पुसून पुन्हा लिहिलेला कागद ज्यानें हाताळला आहे, त्यास येथील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं. मडकें हें एका हातचें पत्र नसून अनेक हातांनीं अनेक वर्षें लिहिलेलें बाड आहे. कॅलिफोर्नियांतील संशोधकांनीं मातीच्या भांड्यांत दर आठवड्यास एकदां, असें वर्षभर अन्न शिजवून पाहिलें. तो वृत्तांतही २०२० चाच. तळाशीं करपलेला थर शेवटच्या जेवणाची साक्ष देतो, आणि अंगांत मुरलेला अंश त्यापूर्वींच्या स्वयंपाकांची, असें त्यांस आढळलें. एकाच भांड्याच्या या दोन साक्षी निराळ्या पडतात.

त्याच वर्षीं कच्छमधील कोटडा भडली येथील ५९ खापरांची परीक्षा प्रसिद्ध झाली. तेथें सुमारें इ. स. पू. २५०० च्या काळांतील दुग्धव्यवसायाचा पुरावा मिळाला. यांवरून हरियाणांतले लोक मांसाहारी व कच्छांतले दूध पिणारे, असें म्हणणें पोरकट होय. प्रांत निराळे, भांडीं निराळीं, आणि जें दूध चुलीवर चढलेंच नाहीं वा दुसऱ्या भांड्यांत ठेवलें गेलें, तें या खापरांत दिसणार कसें?

आमच्या मतें लोकांस ही माहिती देतांना हाडें, धान्याचे दाणे व स्निग्धांश हीं तिन्ही एकत्र ठेवावीं, व शंका त्याच वाक्यांत सांगावी. पुढील परिच्छेदाची वाट पाहूं नये. सामान्य वाचकास शंका पचत नाहीं ही समजूत खोटी आहे. पोथीच्या दोन पाठांतून एक निवडतांना आपण कारणें देतोंच ना?

संग्राहकांसाठीं थोडें लिहितों. आपल्या फडताळांतील जुन्या घागरीस चकाकी यावी म्हणून कित्येकजण तिच्यावरून तेलाचा हात फिरवितात. तसें केलें कीं ती साक्ष कायमची बिघडली. नवें खापर हातीं आल्यास साबणानें घासूं नये, उघड्या बोटांनीं फार हाताळूं नये. बोटांचा स्निग्धांशही त्यास लागतो. प्लॅस्टिकच्या पिशवींतूनही द्रव्यें उतरतात, म्हणून तें अॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांत गुंडाळावें, आणि सोबत त्याच जागेची चिमूटभर माती निराळी ठेवावी. खापरांतील अंश मातींतून आला कीं काय, हें तिच्याशीं ताडून पाहतां येतें.