आल्बर्ट हॉलमधील कॉफी

दोन दिवसांच्या मुक्कामास कोलकात्यात आलेल्या प्रवाशाने एक वेळचा फराळ कॉलेज स्ट्रीटवरील कॉफी हाऊसात अवश्य करावा. कॉफी तेथली साधारणच. जागा मात्र साधारण नव्हे. येथे पूर्वी आल्बर्ट हॉल होता. २६ जुलै १८७६ रोजी इंडियन असोसिएशनची स्थापना त्याच सभागृहात झाली. त्या दिवशी सकाळी सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा लहान मुलगा वारला होता. तरीही हा शोकाकुल पिता सायंकाळी सभेस आला आणि बोलला. पुढे १८८३ च्या डिसेंबरात पहिली राष्ट्रीय परिषद भरली तीही येथेच. मुंबईतील पहिल्या काँग्रेस अधिवेशनास तेव्हा दोन वर्षे अवकाश होता.

कॉफी आली ती १९४२ साली, कॉफी बोर्डाच्या हातून. १९५८ मध्ये हे उपाहारगृह बंद करण्याचे ठरले, तेव्हा प्रेसिडेन्सी महाविद्यालय व विद्यापीठ येथील प्राध्यापकांनी विनंतीअर्ज केला आणि त्याच वर्षी ते पुन्हा उघडले. आता कारभार कर्मचाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे आहे. पांढरा पोशाख व फेटा घातलेले वाढपी कटलेट, पकोडे आणून ठेवतात. एका पेल्यावर विद्यार्थी तासन्‌तास वाद घालीत बसले, तरी त्यांना सहसा कोणी उठवीत नाही.