उपनगरातील बूट आणि शिवणीचा काच

साहेबी बूट ब्रिटिश अमदानीतील कचेऱ्यांतून रुळला, आणि १९७३ साली मुंबईच्या अंधेरीत सीप्झ हे निर्यात क्षेत्र उभे राहिल्यावर उपनगरांत कार्यालये वाढत गेली, तसा तो तिथल्या नोकरदाराच्याही पायात आला. मात्र बुटांच्या कारागिरीसाठी ओळखल्या जाणाऱ्या तिथल्याच ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या कारागिराचा असो वा कारखान्याचा, फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढणारा बूट सरासरी पायासाठीच बेतलेला असतो. स्पर्शाची अतिसंवेदनशीलता, म्हणजे इतरांच्या गावीही नसलेली शिवण किंवा अस्तराची घडी असह्य होणे, ही ज्यांची अवस्था आहे, त्यांना तो दिवसभर काचतो. ही अतिसंवेदनशीलता अनेकदा स्वमग्नतेत आढळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नतेची दखल घेतली, सरकारी आस्थापनांवर वाजवी सोयीचे बंधन घातले. पायताणाचा उल्लेख त्यात नाही, त्यामुळे मऊ, बिनशिवणीच्या काळ्या बुटाची सवलत आजही कर्मचाऱ्यालाच मागून घ्यावी लागते.