दोन हजार सीसीची रेघ

१६ डिसेंबर २०१५. हवेच्या प्रदूषणाने ग्रासलेल्या दिल्ली व राजधानी परिसरात २००० सीसी आणि त्याहून मोठ्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीस सर्वोच्च न्यायालयाने तात्पुरती बंदी घातली. नाशिकला घडणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओचे ‘एमहॉक’ इंजिन होते २१७९ सीसीचे.

वास्तविक हे इंजिन आकार घटवूनच जन्मले होते. २००२च्या पहिल्या स्कॉर्पिओचे २.६ लिटरचे इंजिन सुमारे ११० अश्वशक्तीचे, २००८चे २.२ लिटरचे एमहॉक मात्र १२०चे. कॉमन रेलमुळे डिझेल प्रचंड दाबाखाली सूक्ष्म तुषारांच्या रूपाने सिलिंडरमध्ये शिरते, तर टर्बोमधील पाती गरजेनुसार कोन बदलतात. म्हणून कमी फेऱ्यांवरही इंजिनाला भरपूर हवा मिळते.

बंदीनंतर अवघ्या महिन्याभरात, जानेवारी २०१६मध्ये, १.९९ लिटरचे एमहॉक बाजारात आले. शक्ती तीच, १२०! रेघ आखली गेली होती आकारमानावर, धुरावर नव्हे. आणि आकारमान घटले म्हणजे धूर त्याच प्रमाणात घटतो, असे नाही.

ऑगस्ट २०१६मध्ये गाडीच्या किमतीवर एक टक्का हरित अधिभार लावून न्यायालयाने बंदी उठवली.