शर्यत हरलेला कालवा

कंबरलंड ते वॉशिंग्टन ही आमची चार दिवसांची सायकल सहल. वाट एका जुन्या कालव्याच्या काठाने जाते, एकूण १८४.५ मैल, म्हणजे जवळपास २९७ किलोमीटर. चौथ्या दिवशी सकाळी पॉइंट ऑफ रॉक्स ह्या छोट्या गावातून निघालो तेव्हा साधारण ७८ किलोमीटर उरले होते. शेवटच्या दिवशी खरं तर पाय बोलायला लागतात आणि डोक्यात फक्त घरचा वरण-भात असतो. पण ह्या कालव्याची निम्मीअधिक गोष्ट ह्याच टप्प्यात दडलेली आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

कालव्याचं नाव चेसापीक अँड ओहायो. ४ जुलै १८२८ ला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी वॉशिंग्टनजवळ त्याचं भूमिपूजन केलं. फावडं मुळाला अडलं, तेव्हा पठ्ठ्याने कोट काढून ठेवला आणि पुन्हा घाव घातला! गंमत म्हणजे त्याच दिवशी, साठेक किलोमीटरवर बाल्टिमोरला, नव्वद वर्षांच्या चार्ल्स कॅरल यांच्या हस्ते बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेचा पहिला दगड बसला. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांपैकी तेव्हा ते एकटेच हयात होते. दोघांनाही जायचं होतं एकाच ठिकाणी, डोंगरापलीकडे ओहायो नदीपर्यंत.

पॉइंट ऑफ रॉक्सला डोंगर थेट पोटोमॅक नदीत उतरतो. मध्ये जेमतेम एक चिंचोळी पट्टी. ती कोणाची ह्यावरून कालवा कंपनी आणि रेल्वे कंपनी चार वर्षं कोर्टात भांडल्या. १८३२ साली निकाल कालव्याच्या बाजूने लागला, पण पुढे तडजोड होऊन रुळांनाही जागा मिळाली. आजही तिथे रूळ आणि कालवा शेजारी शेजारी आहेत. रात्री तंबूत पडल्या पडल्या मालगाड्यांची धडधड ऐकू येत होती.

कोर्टात जिंकलेला कालवा जमिनीवर मात्र मागे पडत गेला. १८३२ च्याच कॉलऱ्यात कितीतरी मजूर गेले, त्यांत बरेचसे आयरिश. पॉ पॉ गावाजवळच्या साडेनऊशे मीटरच्या बोगद्याला, जो आम्ही पहिल्या दिवशी टॉर्च लावून पार केला, चौदा वर्षं लागली. रेल्वे कंबरलंडला पोचली १८४२ मध्ये, कालवा १८५० मध्ये. ओहायोचं नाव मग कालवेवाल्यांनी काढलंच नाही.

पण काम काय पक्कं केलंय! दहा किलोमीटरवर मोनोकॅसी नदी लागते. तिच्यावरून कालवा सात कमानींच्या दगडी पुलावरून जायचा. म्हणजे पाण्यावरून पाणी नेणारा पूल, लांबी ५१६ फूट. यादवी युद्धात, १८६२ साली, दक्षिणेच्या सैनिकांनी तो उडवायचा प्रयत्न केला. दगडकामाने दाद दिली नाही.

दुपारी ग्रेट फॉल्स. इथे नदी मैलाभरात तेवीसेक मीटर खाली कोसळते. बोटींना उतरवायला म्हणून लागोपाठ सहा लॉक बांधले आहेत. लॉक म्हणजे पाण्याचा जिना: बोट दगडी हौदात घ्यायची, दारं लावायची, पाणी सोडून तिला खालच्या पातळीवर आणायचं आणि पुढचं दार उघडायचं. पनामा कालव्यात हेच चालतं. कंबरलंडपासून असे ७४ लॉक. बोटींना इंजिन नव्हतं, काठावरून चालणारी खेचरं लांब दोराने त्या ओढत. कोळशाच्या वाहतुकीमुळे १८७० च्या दशकात बरे दिवस आले. मग १८८९ चा महापूर आला, कंपनी बुडाली आणि कालवा गेला कुणाच्या ताब्यात? त्याच रेल्वेच्या! १९२४ च्या पुरानंतर बोटी कायमच्या थांबल्या. १९३८ मध्ये रेल्वेने तो वीस लाख डॉलरला सरकारला विकला. पुढच्या चार वर्षांत बेकार कृष्णवर्णीय तरुणांच्या दोन सरकारी तुकड्यांनी खालचे बावीस मैल दुरुस्त केले. आमचे शेवटचे दोन तास सुखाचे गेले ते त्यांच्या घामामुळे.

तरीही ही वाट मोटारींच्या घशात जायची. सरकारचा बेत होता इथे मोटाररस्ता करण्याचा आणि १९५४ च्या जानेवारीत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने अग्रलेखात त्याला पाठिंबा दिला. सुप्रीम कोर्टाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना जाहीर पत्र लिहिलं: आधी माझ्याबरोबर चालून बघा, मग लिहा. मार्चमध्ये कंबरलंडहून मंडळी निघाली, संपादकही आले. आठ दिवसांनी वॉशिंग्टन आलं तेव्हा पूर्ण अंतर चाललेले नऊच जण उरले होते, त्यांत पंचावन्न वर्षांचे डग्लस होते. पेपरने भूमिका बदलली, रस्त्याचा बेत मागे पडला आणि १९७१ मध्ये कालव्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

संध्याकाळी जॉर्जटाउनमधले शेवटचे लॉक ओलांडून रॉक क्रीक ओढ्याच्या मुखाशी आलो. इथे शून्य मैल. कालवा बहुतेक ठिकाणी कोरडा आहे, त्यात मोठाली झाडं उगवली आहेत. त्याच्या इंजिनिअरांनी आकडेमोड केली ती बोटींसाठी, हौदांसाठी, कमानींसाठी. खेचरांसाठी म्हणून काठाला बारा फूट रुंदीची एक मातीची वाट ठेवली होती. तिच्यावरून आम्ही चार दिवस आलो, आणि त्या संध्याकाळी समोरून आणखी तिघं सायकली लादून कंबरलंडच्या दिशेने निघाले होते.