फादर डेमियन यांचे मोलोकाई येथील कार्य : श्रद्धा व करुणेचा ऐतिहासिक आढावा

हवाईच्या राजसत्तेने १८६५ मध्ये कुष्ठरुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचा कायदा केला. १८६६ पासून रुग्णांची रवानगी मोलोकाई बेटावर होऊ लागली. बेल्जियमचे कॅथलिक मिशनरी फादर डेमियन १८७३ मध्ये तेथे गेले. धर्मोपदेशापुरते न थांबता त्यांनी जखमा धुतल्या, घरे बांधली, शवपेट्याही तयार केल्या. परिणामकारक औषध १९४० च्या दशकात आले; तोवर सेवा व सहवास एवढेच देणे शक्य होते. अखेर त्याच रोगाने १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या करुणेने रुग्णांची प्रतिष्ठा जपली. सक्तीचे विलगीकरण मात्र १९६९ पर्यंत टिकले. १९८३ मध्ये डेमियन-डटन पुरस्कार मिळालेल्या बाबा आमटे यांनी आनंदवनात सेवेला श्रम व पुनर्वसनाची जोड दिली, हे येथे लक्षणीय ठरते.